टायटॅनिकवरचा रंगारी

टायटॅनिक पिक्चर पाहिला नाही असा प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. त्यातला चित्रं काढणारा जॅक काल्पनिक होता. पण त्या बोटीवर एक खराखुरा चित्रकारही होता, फ्रान्सिस डेव्हिस मिलेट. तो मला भेटला सेमिनारमुळे. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.)

माझा सेमिनारचा विषय होता इमारतींच्या आतल्या रंगकामाचं ऑटोमेशन. सोपा वाटला म्हणून घेतला. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या हॉस्टेलचं रंगकाम निघालं. शिडीवर चढून सीलिंगला रोलर मारणाऱ्या काकांना माझ्या टेबलावर भिंत रंगवणाऱ्या रोबोटचा फोटो दिसला. त्यांनी शांतपणे विचारलं, की हे मशीन आलं तर आम्ही काय करायचं. व्हायव्हातसुद्धा मी इतकी गप्प बसले नव्हते. मग रंगकामात मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा काय झालं, हे शोधायला घेतलं आणि मिलेटपाशी पोचले.

मिलेट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. तिथल्या यादवी युद्धात तो पोरवयात ड्रम वाजवायला गेला. पुढे हार्वर्डला शिकला, वर्तमानपत्रात नोकरी केली. पण ओढ रंगांची, म्हणून बेल्जियममधल्या अँटवर्पच्या अकादमीत जाऊन चित्रकला शिकला. परत आल्यावर बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चच्या आतल्या भिंती रंगवायला जॉन ला फार्जच्या हाताखाली राहिला. म्हणजे भिंतीसमोर तासन् तास ब्रश घेऊन उभं राहणं काय असतं, हे त्याला ठाऊक होतं. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात तो बातमीदार होता. १८७९ मध्ये पॅरिसला त्याचं लग्न झालं, तेव्हा साक्षीदारांत मार्क ट्वेन होता!

आता मुख्य गोष्ट. १८९३ मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. आपल्याला ते विवेकानंदांमुळे माहीत असतं, कारण सर्वधर्म परिषद त्याच निमित्ताने झाली. प्रदर्शनाच्या मुख्य इमारतींना बाहेरून प्लास्टर आणि तागासारख्या धाग्यांच्या मिश्रणाचा गिलावा होता आणि सगळं पांढरंशुभ्र दिसायला हवं होतं. त्यातली एकटी मॅन्युफॅक्चर्स बिल्डिंग १,६८७ फूट लांब आणि ७८७ फूट रुंद! उद्घाटन १ मे १८९३ ला ठरलेलं. प्रमुख आर्किटेक्ट डॅनियल बर्नहॅमचं आधीच्या रंगप्रमुखाशी बिनसलं आणि काम मिलेटकडे आलं.

ब्रशने हे वेळेत होणं शक्य नव्हतं. मिलेटने गॅसच्या पाइपच्या तुकड्याचं नोझल बनवलं, त्याला होस जोडला आणि तेल व पांढरं शिसं यांचा रंग भिंतींवर फवारायला सुरुवात केली. त्याच्या टोळीला व्हाइटवॉश गँग असं नाव पडलं. त्याच सुमारास शिकागोतल्याच मार्शल फील्ड स्टोअरमधल्या जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना चुना मारायला हातपंपाचं मशीन केलं होतं, त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर वाद आहे. पण एवढं मोठं काम स्प्रेने वेळेत करून दाखवलं ते मिलेटने. प्रदर्शनाला लोक व्हाइट सिटी म्हणू लागले.

इथे मी थांबले. आयुष्यभर ब्रशवर जगलेल्या माणसानेच ब्रश बाजूला ठेवला होता! पण त्याने चित्रं काढणं सोडलं नाही. सपाट पांढरा पसारा त्याने मशीनला दिला आणि चित्रं हाताकडे ठेवली.

मग गँगचं काय झालं? त्यांची नावं मला कुठे मिळाली नाहीत. शिशाचा रंग फवारला की तो छातीत जातो. मास्कचा उल्लेखही मला सापडला नाही. पुढे अमेरिकेतल्या पेंटरांच्या संघटनांनी स्प्रे-गनला विरोध केला, तो नुसत्या पोटासाठी नव्हता, तब्येतीसाठीही होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशावर बंदी आली. तिथपर्यंत यायला २८ वर्षं लागली.

आजच्या रोबोटमध्येही तेच आहे, पंप, होस आणि नोझल. फक्त हाताच्या जागी आर्म आणि डोळ्यांच्या जागी सेन्सर. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठाने उंच औद्योगिक हॉल आतून रंगवणारा पिक्टोबॉट बनवला आहे. उंचीची भीती आणि फवाऱ्याची वाफ मशीनने घेतली तर चांगलंच आहे. पण ओल आलेला कोपरा ओळखणं, पुट्टी भरणं, घासणं, खिडक्या झाकणं हे अजून बहुतेक ठिकाणी माणूसच करतो. म्हणून सेमिनारमध्ये मी शेवटची एक स्लाइड वाढवली. मशीन चालवायला शिकवायचं कोणाला? मला वाटतं, आधी रोलर मारणाऱ्यालाच. सरांनी विचारलं की याचा खर्च कोण करणार. त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

मिलेट १९१२ मध्ये आपला मित्र मेजर आर्चिबाल्ड बट याच्याबरोबर टायटॅनिकने घरी निघाला होता. १५ एप्रिलच्या पहाटे दोघंही गेले. वॉशिंग्टनला व्हाइट हाउसजवळ त्यांच्या आठवणीचं कारंजं आहे. त्यावर मिलेटसाठी कोरलेल्या मूर्तीच्या हातात स्प्रेचं नोझल नाही, ब्रश आणि पॅलेट आहे. व्हाइट सिटी मात्र बरीचशी १८९४ च्या आगींत जळून गेली.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रोलर बादलीत बुडवला आणि विचारलं, की त्या टोळीला पगार तरी वेळेवर मिळाला का. तेही मला सापडलेलं नाही.