एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर (जन्म : हॅनोव्हर, २० मे १८५१, मृत्यू : वॉशिंग्टन, ३ ऑगस्ट १९२९) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. सपाट तबकडीवर ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत आणि ती तबकडी वाजवणारे ग्रामोफोन हे यंत्र त्यांनी विकसित केले. ग्रामोफोन हे नावही त्यांनीच दिले. एका साच्यावरून ध्वनिमुद्रिकेच्या अनेक प्रती काढणे त्यांच्या पद्धतीमुळे शक्य झाले. मात्र ज्या अमेरिकेत त्यांनी हा शोध लावला, तेथेच हे यंत्र विकण्याचा हक्क त्यांना गमवावा लागला.

पूर्वायुष्य

बर्लिनर यांचा जन्म हॅनोव्हरमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. घरातील मुलांची संख्या मोठी असल्याने त्यांचे शालेय शिक्षण वयाच्या चौदाव्या वर्षी संपले. त्यानंतर त्यांनी छापखान्यात व कापडाच्या दुकानात काम केले. १८७० मध्ये ते अमेरिकेत गेले. वॉशिंग्टनमधील एका दुकानात त्यांनी नोकरी केली. पुढे न्यूयॉर्कला दिवसा मिळेल ते काम करून रात्री ते कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञानाचा अभ्यास करीत. सॅकरिनचे संशोधक कॉन्स्टँटिन फालबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे कामही त्यांनी केले.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन लोकांसमोर आला. त्यातील आवाज क्षीण असे. बर्लिनर यांनी १८७७ मध्ये राहत्या खोलीतच प्रयोग करून अधिक प्रभावी प्रेषक तयार केला. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेऊन त्यांना नोकरीही दिली. या शोधाच्या श्रेयाचा वाद न्यायालयात दीर्घकाळ चालला. परंतु त्यातून मिळालेल्या पैशामुळे त्यांना १८८० च्या दशकात नोकरी सोडून स्वतंत्र संशोधन करता आले.

ग्रामोफोनचा शोध

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला होता. त्यात फिरत्या नळकांड्यावर सुई वर-खाली हलून कमी-अधिक खोलीची रेघ उमटवत असे. या नळकांड्यांच्या प्रती काढणे अवघड होते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात गायकाला तेच गाणे पुनःपुन्हा गावे लागे.

बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली आणि सुई वर-खाली न हलता डावी-उजवीकडे हलेल अशी योजना केली. जस्ताच्या चकतीवर मेणाचा पातळ थर देऊन त्यावर सुईने रेघ उमटवली जाई. मग ती चकती आम्लात ठेवली की मेण खरवडलेल्या जागीच चर कोरला जाई. या चकतीवरून विद्युत्-विलेपनाने उलटा साचा तयार करून त्याने हव्या तितक्या प्रती दाबून काढता येत. या यंत्राचे अमेरिकन पेटंट त्यांना ८ नोव्हेंबर १८८७ रोजी मिळाले आणि १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले.

पहिले ग्रामोफोन जर्मनीत खेळणी म्हणून विकले गेले. त्यांच्या तबकड्या सुमारे ५ इंचांच्या होत्या आणि यंत्र हाताने फिरवावे लागे. पुढे ७ इंचांच्या तबकड्या आल्या. त्या आधी कठीण रबराच्या असत. १८९५ पासून लाखेचे मिश्रण वापरात आले. ही लाख प्रामुख्याने भारतातून जात असे.

व्यवसाय आणि न्यायालयीन लढा

हाताने फिरवलेल्या यंत्राचा वेग सारखा राहत नसल्याने सूर हलत असे. कॅम्डेन येथील यंत्रकारागीर एल्ड्रिज जॉन्सन यांनी १८९६ मध्ये बनवलेल्या स्प्रिंगच्या मोटरमुळे ही अडचण दूर झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील विक्रीचे एकाधिकार फ्रँक सीमन यांना देण्यात आले. पुढे दोघांत वितुष्ट आले. सीमन यांनी झोनोफोन हे प्रतिस्पर्धी यंत्र बाजारात आणले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांशी हातमिळवणी केली. जून १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे बर्लिनर यांना स्वतःचाच ग्रामोफोन अमेरिकेत विकता येईना.

त्यांनी आपला व्यवसाय कॅनडातील माँट्रियल येथे नेला. जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली व बर्लिनर यांची पेटंटे तिच्याकडे गेली. अमेरिकेत ग्रामोफोन हा शब्दच हळूहळू मागे पडला व तेथे तबकडीच्या यंत्रालाही फोनोग्राफ म्हणण्याचा प्रघात पडला.

युरोपात मात्र हा शब्द टिकला. १८९८ मध्ये लंडनला ग्रामोफोन कंपनी सुरू झाली आणि बर्लिनर यांचे बंधू जोसेफ यांच्यासह हॅनोव्हर येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. या कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या तबकड्या हॅनोव्हरमध्ये तयार होऊन भारतात आल्या. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली ती अशाच तबकड्यांमधून.

कर्ण्यासमोरचा कुत्रा

फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराने निपर नावाचा कुत्रा नळकांड्याच्या फोनोग्राफसमोर बसलेला रंगवला होता. चित्र उजळ दिसावे म्हणून पितळी कर्णा मागायला ते ग्रामोफोन कंपनीत गेले. फोनोग्राफच्या जागी ग्रामोफोन रंगवल्यास चित्र विकत घेण्याची तयारी कंपनीने दाखवली. १८९९ मध्ये तसे करण्यात आले. बर्लिनर यांनी १० जुलै १९०० रोजी अमेरिकेत या चित्राची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकड्यांवरचे हेच ते चित्र होय.

अन्य कार्य

मुलीच्या आजारपणानंतर बर्लिनर यांनी दुधाच्या शुद्धतेसाठी आणि बालआरोग्यासाठी जनजागृती केली. पुत्र हेन्री यांच्यासह त्यांनी हेलिकॉप्टरवरही प्रयोग केले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना १९१३ मध्ये एलियट क्रेसन पदक व १९२९ मध्ये फ्रँकलिन पदक दिले.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व

जुन्या बोलक्या यंत्रांच्या संग्राहकांमध्ये बर्लिनर यांची यंत्रे दुर्मीळ मानली जातात. यंत्राचा काळ ओळखण्यासाठी कर्ण्याची जोडणी उपयोगी पडते. आरंभीच्या यंत्रांत कर्णा थेट सुईच्या पेटीला जोडलेला असे. त्याचा भार चरावर येत असल्याने तो लहान व हलका ठेवावा लागे. पुढे कर्णा यंत्राच्या मागील बाजूस बसवून पोकळ भुजेने सुईच्या पेटीशी जोडला गेला. भार दूर झाल्याने फुलाच्या आकाराचे मोठे कर्णे शक्य झाले. जुन्या धाटणीच्या नव्या प्रतिकृतीही बाजारात मिळतात; म्हणून केवळ चकचकीत पितळी कर्णा व कुत्र्याचे चित्र यांवरून यंत्राचे वय ठरवता येत नाही.

बर्लिनर यांची कागदपत्रे व ध्वनिमुद्रिका वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या असून माँट्रियल येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. ज्या देशात ग्रामोफोन या शब्दाचा वापर मागे पडला, तेथील ग्रॅमी या संगीत पुरस्काराचे नाव त्याच शब्दावरून पडले आहे आणि त्याचे मानचिन्ह कर्ण्याच्या ग्रामोफोनचे आहे.