जेसी ओवेन्स

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फेअरमाउंट नावाची एक शाळा होती. एके दिवशी त्या शाळेतील सर्व मुलांना सभागृहात एकत्र बसविण्यात आले. शाळेत एक थोर पाहुणे येणार होते. त्यांचे नाव चार्ल्स पॅडॉक. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरची शर्यत जिंकून त्यांनी सुवर्णपदक पटकावले होते. जगातील सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून त्यांची ख्याती होती.

पॅडॉक आले, मुलांशी बोलले, आणि थोड्या वेळाने निघूनही गेले. अनेक मुले ते भाषण कदाचित संध्याकाळपर्यंत विसरूनही गेली असतील. परंतु एका मुलाच्या मनात मात्र त्या दिवशी एक ठिणगी पडली. तो मुलगा अंगाने किरकोळ होता, वर्णाने काळा होता आणि घरचा अतिशय गरीब होता. आपणही एक दिवस असेच धावायचे, असे त्याने मनाशी ठरविले आणि आपल्या शिक्षकांना तसे सांगूनही टाकले. त्या मुलाचे नाव जेसी ओवेन्स.

जेसीचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, ओकव्हिल या खेड्यात झाला. त्याचे आजोबा गुलाम होते. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. पण कायदा बदलला म्हणून दारिद्र्य आणि अपमान लगेच संपले नाहीत. जेसीचे वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करीत. सारे कुटुंब उन्हातान्हात कापूस वेची. तरी पीक हाती आल्यावर मालकाचा वाटा आणि कर्जाचा हप्ता देऊन घरात फारसे काही उरत नसे. दहा भावंडांत जेसी सर्वांत धाकटा. हिवाळा आला की त्याची छाती भरून येई. ज्या मुलाला धड श्वास घेता येत नव्हता, तोच पुढे साऱ्या जगाला मागे टाकणार आहे, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर ते कोणालाही खरे वाटले नसते.

जेसी नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब पोटापाण्यासाठी उत्तरेकडे क्लीव्हलँडला आले. तोवर घरी त्याला जे. सी. या त्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी हाक मारीत. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले, तेव्हा त्याने सवयीने तीच दोन अक्षरे सांगितली. दक्षिणेकडचे त्याचे उच्चार बाईंना नीट कळले नाहीत. त्यांनी पटावर जेसी असे नाव लिहिले. बाईंची चूक दाखविण्याचे धाडस त्या बुजऱ्या मुलाला झाले नाही. तेच नाव पुढे जगप्रसिद्ध झाले.

फेअरमाउंट शाळेत चार्ल्स रायली नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांनी जेसीला धावताना पाहिले आणि त्याच्यातील गुण ओळखला. त्यांनी त्याला शाळा सुटल्यावर सरावाला बोलाविले. पण जेसीला ते शक्य नव्हते. शाळा सुटली की तो जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला जाई, किराणा माल घरोघरी पोहोचवी, गाड्यांत सामान चढवी. तेव्हा रायली गुरुजींनी वेगळाच मार्ग काढला. शाळा भरण्यापूर्वी, सकाळी लवकर उठून ते स्वतः येऊ लागले. त्या एकाच मुलासाठी ते रोज घड्याळ हातात घेऊन उभे राहत. त्याच्या पोटात काही गेले आहे की नाही, याचीही ते काळजी घेत. गुरुजी वर्णाने गोरे होते. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी शेजारी बसू नये, असे मानणाऱ्या काळात त्यांनी या मुलाला आपल्या घरी नेऊन जेवू घातले.

जमीन तापलेली आहे असे समजून धाव, अशी त्यांची शिकवण असे. चैत्रातील दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल पडले, तर ते क्षणभरही तेथे टिकत नाही. तसेच धावताना पाऊल जमिनीला टेकताच उचलले गेले पाहिजे. जेसीच्या पावलांत जी विलक्षण हलकेपणाची चाल होती, तिचे मूळ या शिकवणीत होते. पॅडॉक यांच्या भेटीने त्याला स्वप्न दिले. पण ते स्वप्न खरे करण्याचा मार्ग त्याला रायली गुरुजींनी रोज सकाळी दाखविला.

१९३३ साली शिकागो येथे झालेल्या शालेय स्पर्धांत जेसीने १०० यार्डांचे अंतर ९·४ सेकंदांत तोडून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्यानंतर त्याने ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे लॅरी स्नायडर यांच्यासारखे जाणते मार्गदर्शक त्याला लाभले. परंतु त्याला शिष्यवृत्ती नव्हती. राज्याच्या सरकारी इमारतीत सामानाची लिफ्ट चालवून तो आपला खर्च भागवीत असे. तो काळ्या वर्णाचा असल्यामुळे विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याला जागा मिळाली नाही. सामन्यांसाठी गावोगावी जाताना त्याला आणि त्याच्या काळ्या सोबत्यांना निराळ्या खाणावळीत जेवावे लागे. तथापि त्याने मनात कडवटपणा साठवून ठेवला नाही. धावपट्टीवर सर्वांना एकच रेषा असते, हे त्याला ठाऊक होते.

२५ मे १९३५ हा दिवस खेळांच्या इतिहासात कायमचा नोंदविला गेला. ॲन आर्बर येथे विद्यापीठांच्या स्पर्धा होत्या. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे जेसीची पाठ दुखावली होती; त्याला नीट वाकताही येत नव्हते. त्या दिवशी त्याने सुमारे पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. लांब उडीत त्याने २६ फूट ८¼ इंच, म्हणजे ८·१३ मीटर, इतके अंतर पार केले. तो विक्रम मोडण्यास जगाला पुढे २५ वर्षे लागली.

१९३६ साली ऑलिंपिक सामने जर्मनीची राजधानी बर्लिन येथे भरले. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. आपला वंश श्रेष्ठ आणि इतर वंश हीन, अशी त्या सत्तेची शिकवण होती. अशा ठिकाणी, लाखभर प्रेक्षकांसमोर, गुलामांचा हा नातू धावण्यास उभा राहिला. ३ ऑगस्टला त्याने १०० मीटरची शर्यत जिंकली, ४ ऑगस्टला लांब उडी आणि ५ ऑगस्टला २०० मीटरची शर्यत. वाद घालून जे साधले नसते, ते त्याच्या पायांनी तीन दिवसांत साधले. विशेष म्हणजे जर्मन प्रेक्षकांनीही त्याच्या नावाचा जयघोष केला.

लांब उडीत त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी लुट्झ लाँग हा जर्मन तरुण होता. जेसीने ८·०६ मीटर उडी मारून त्याला हरविले, तेव्हा लाँग धावत पुढे आला आणि सर्वांदेखत त्याने जेसीचे अभिनंदन केले. दोघे हातात हात घालून मैदानावर फिरले. तेथील राज्यकर्त्यांसमोर असे वागणे सोपे नव्हते. लाँग पुढे १९४३ साली महायुद्धात मरण पावला. परंतु जेसीने ती मैत्री विसरली नाही. युद्ध संपल्यावर जर्मनीस गेला असताना तो लाँगच्या मुलाला आवर्जून भेटला.

यानंतर रिले शर्यत व्हावयाची होती. त्या संघातील मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन यहुदी धावपटूंना ऐन वेळी वगळून त्यांच्या जागी जेसी आणि त्याचा एक सहकारी यांना घेण्याचे ठरले. जेसीने आपल्याला तीन पदके मिळाली आहेत, या दोघांनाच धावू द्यावे, असे सुचविले. पण त्याचे कोणी ऐकले नाही. ९ ऑगस्टला अमेरिकेच्या संघाने जागतिक विक्रमासह ती शर्यत जिंकली आणि जेसीला चौथे सुवर्णपदक मिळाले.

मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची भव्य मिरवणूक निघाली. त्याच्या सत्कारासाठी एका मोठ्या हॉटेलात समारंभ ठरला होता. पण त्या हॉटेलात काळ्या माणसांना पाहुण्यांच्या लिफ्टने जाण्याची मनाई होती. ज्याचा सत्कार व्हावयाचा, त्यालाच सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. चार सुवर्णपदके मिळविणाऱ्या या वीराला देशाच्या अध्यक्षांकडून अभिनंदनाची साधी तारही आली नाही.

पुढचे दिवस फार कठीण गेले. परदेशातील आणखी सामन्यांना जाण्यास नकार दिल्याबद्दल त्याला हौशी खेळाडूंच्या संघटनेने बाद केले. त्याचे लग्न झाले होते. घरी मुले होती. आणि पदके शिजवून पोट भरत नाही. १९३६ च्या डिसेंबरात तो क्युबातील हवाना येथे पैशांसाठी चक्क एका घोड्याशी शर्यत धावला. ती त्याने जिंकली खरी. पण असा खेळ केल्याचे दुःख त्याच्या मनात राहिलेच. त्याने कपडे धुण्याचा व्यवसाय काढला. तो बुडाला आणि १९३९ साली जेसीचे दिवाळे निघाले. महायुद्धाच्या काळात त्याने डेट्रॉइट येथील मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली.

या साऱ्या धडपडीत एक काम मात्र तो पुनःपुन्हा आनंदाने करीत राहिला. ते म्हणजे मुलांना भेटण्याचे. १९४९ मध्ये तो शिकागोस राहावयास गेला. तेथील गरीब वस्तीतील मुलांच्या क्लबाचे काम त्याने पाहिले, इलिनॉय राज्याच्या युवक आयोगातही तो होता. शाळा, क्रीडांगणे, सभागृहे जेथे मुले जमत तेथे तो जाई आणि त्यांच्याशी बोले. पदक थोड्यांनाच मिळते, परंतु आपल्या मनातील आळसाशी आणि भीतीशी जी झुंज असते, ती प्रत्येकाला जिंकता येते, असे तो मुलांना सांगे. आपल्या शाळेत आलेल्या त्या पाहुण्याची आठवणही तो आवर्जून सांगत असे.

१९५५ साली अमेरिकेच्या सरकारने त्याला सदिच्छा प्रतिनिधी म्हणून आशियात पाठविले. त्या दौऱ्यात तो आपल्या भारतातही आला. येथील मुलांना आणि खेळाडूंना त्याने धावण्याची व उडीची तंत्रे समजावून दिली. ज्या देशाचा प्रतिनिधी होऊन तो हिंडत होता, त्या देशात अद्याप काळ्या माणसाला समान हक्क मिळाले नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या जन्मभूमीत, अलाबामातील माँटगोमेरी शहरात, बसगाड्यांतील भेदभावाविरुद्ध काळ्या नागरिकांनी मोठा बहिष्कार पुकारला.

अन्यायाशी कसे लढावे, याबद्दल जेसीचे मत पुष्कळ काळ सौम्य होते. १९६८ साली मेक्सिको येथील ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन काळ्या विजेत्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून निषेध दर्शविला. जेसीला ते रुचले नाही आणि १९७० मध्ये त्याने एका पुस्तकात तरुणांच्या या मार्गावर कडक टीका केली. त्यावर त्याचेच बांधव रागावले. तेव्हा त्याने पुन्हा विचार केला, आणि दोनच वर्षांनी दुसरे पुस्तक लिहून आपले मत बदलल्याचे उघडपणे मान्य केले. साठीच्या उंबरठ्यावर आपली चूक चारचौघांत कबूल करण्यासही धैर्य लागते.

१९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशातील श्रेष्ठ नागरी सन्मान दिला. बर्लिनच्या विजयाला तेव्हा ४० वर्षे झाली होती. ३१ मार्च १९८० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. अनेक वर्षांचे धूम्रपान त्याला भोवले. वाऱ्याशी स्पर्धा करणाऱ्या माणसाचा श्वास अशा रीतीने थांबावा, ही मोठी खेदाची गोष्ट होय. १९८४ मध्ये बर्लिनच्या त्याच क्रीडांगणाजवळील एका रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले.

पॅडॉक यांनी पेटविलेली ज्योत जेसीबरोबर विझली नाही. १९३६ साली क्लीव्हलँडमध्ये त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला १३ वर्षांचा हॅरिसन डिलार्ड उभा होता. जेसी शिकला त्याच माध्यमिक शाळेत पुढे डिलार्ड शिकला आणि १९४८ साली लंडन येथे त्याने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे कार्ल लुइस नावाच्या एका मुलाला लहानपणी जेसीची भेट घडली. त्या मुलाने १९८४ साली लॉस एंजेलिस येथे, जेसीने जिंकलेल्या त्याच चारही स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली.

शाळेत कोणी पाहुणा येतो, चार शब्द बोलतो आणि जातो. ऐकणाऱ्या शेकडो मुलांत एखादा मुलगा, एखादी मुलगी ते शब्द मनात जपून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कोणी तरी लवकर येऊन उभे असते. जेसी ओवेन्सची धाव अशीच एका शाळेच्या सभागृहात सुरू झाली होती.