शब्दाचे मोल : फ्रँकलिन रूझवेल्ट

राष्ट्रावर आर्थिक संकट कोसळले असता मते मागावयास निघालेल्या माणसाची खरी कसोटी लागते. लोक गांजलेले असतात. कोणी आशेचा शब्द दिला तर तो चटकन उराशी धरतात. अशा वेळी उमेदवाराने कोणते वचन द्यावे व कोणते देऊ नये, हे फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्या चरित्रावरून उमजते.

३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका संपन्न घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, दुर्धर आजाराने त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. तरीही पायांना लोखंडी पट्ट्या बांधून ते पुन्हा लोकांपुढे उभे राहिले आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर निवडले गेले.

पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. १९३३ पर्यंत सुमारे दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. गव्हर्नर या नात्याने रूझवेल्ट यांनी १९३१ मध्येच बेकारांच्या साहाय्यार्थ राज्याकडून दोन कोटी डॉलर मंजूर करून घेतले. १९३२ साली ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शब्दामागे अशी कृती होती.

परंतु थोरांचेही पाऊल कधी घसरते. त्या ऑक्टोबरात पिट्सबर्ग येथे त्यांनी अध्यक्ष हूव्हर यांच्या कारभारावर उधळपट्टीचा ठपका ठेवला व मध्यवर्ती सरकारच्या खर्चात २५ टक्के कपात करण्याचे वचन दिले. ४८ पैकी ४२ राज्यांनी त्यांना कौल दिला. अधिकारावर येताच त्यांनी नोकरांचे पगार कमी केले खरे. पण भुकेल्यांना अन्न आणि बेकारांना काम द्यावयाचे, तर एकूण खर्च वाढविणे भागच होते. तो वाढला, आणि दिलेले वचन विरोधकांच्या हातचे शस्त्र झाले.

४ मार्च १९३३ रोजी त्यांनी शपथ घेतली, तेव्हा बहुतेक राज्यांतील बँकांचे व्यवहार थांबले होते किंवा त्यांवर निर्बंध होते. १२ मार्चच्या रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, तो उद्योगधंद्यांत गुंतलेला असतो, हे त्यांनी सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत समजावून सांगितले. सर्वच बँका पुन्हा उघडतील, कोणाचेच नुकसान होणार नाही, असे आश्वासन मात्र त्यांनी दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, आणि भयाने घरी नेलेला पैसा लोकांनी परत आणून भरला.

१२ एप्रिल १९४५ रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्ही मतदार व्हाल. कोणी उमेदवारही होईल. पिट्सबर्गच्या सभेत आकडा सांगून टाळ्या मिळाल्या. रेडिओवर मर्यादा सांगून विश्वास मिळाला. संकटकाळी लोकांना धीर जरूर द्यावा, पण जे आपल्या हाती नाही ते देऊ करू नये.