आकाशवीर इंद्रलाल रॉय

पहिल्या महायुद्धात लक्षावधी भारतीय सैनिक परमुलुखात लढले. फ्रान्सच्या मातीत आणि मेसोपोटेमियाच्या वाळूत त्यांनी रक्त सांडले, हे आपण इतिहासात वाचतो. परंतु त्या युद्धात मूठभर भारतीय तरुण आकाशातही लढले, याची कितीजणांना कल्पना असते? त्यांतील अग्रगण्य नाव म्हणजे इंद्रलाल रॉय.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर होते. आई ललिता रॉय यांनी इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला होता. मुलांचे शिक्षण लंडनला चालू होते. १९१४ साली युद्धाचा भडका उडाला, तेव्हा इंद्रलाल तेथील सेंट पॉल्स शाळेचा विद्यार्थी होता.

त्याने विमानदलाकडे अर्ज केला. दृष्टी सदोष असल्याचे कारण देऊन तो फेटाळण्यात आला. दुसरा एखादा मुलगा हताश होऊन गप्प बसला असता. इंद्रलालने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशातून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि आधीचा निर्णय बदलायला लावला. जुलै १९१७ मध्ये तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. हिंदी पलटणींतील भारतीयांना त्या काळी बादशाही सनद जवळजवळ मिळतच नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

ऑक्टोबरअखेर तो फ्रान्समध्ये ५६व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. पण ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचे विमान कोसळले. असे सांगतात, की त्याला मृत समजून शवागारात ठेवले होते. शुद्धीवर आल्यावर त्याने दार ठोठावून आपण जिवंत असल्याचे कळवले! बरे होण्याच्या काळात तो विमानांची रेखाचित्रे काढीत बसे. त्यांतील अनेक आजही उपलब्ध आहेत. डॉक्टरांनी त्याला उड्डाणास अपात्र ठरवले. त्याने पुन्हा वरिष्ठांचा पिच्छा पुरवला आणि जून १९१८ मध्ये तो ४०व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

ही तुकडी नावाजलेली होती. मिक मॅनॉक हा विख्यात वैमानिक याच तुकडीत तयार झाला होता. इंद्रलालला मार्गदर्शक लाभला तो कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय. तुकडीकडे एस. ई. ५-ए ही एकासनी, दुपंखी लढाऊ विमाने होती. एक मशिनगन फिरत्या पंख्यामधून नेम साधून गोळ्या झाडी, तर दुसरी वरच्या पंखावर बसवलेली असे. वैमानिकाजवळ हवाई छत्री नसे. विमान पेटले तर सुटकेचा मार्गच नव्हता.

६ जुलै १९१८ रोजी इंद्रलालने पहिला विजय मिळवला. ८ जुलैला एकाच दिवसात तीन, १३ आणि १५ जुलैला प्रत्येकी दोन, १८ व १९ जुलैला एकेक. काही विजय सहकाऱ्यांच्या जोडीने मिळवलेले होते. अवघ्या चौदा दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय जमा झाले. २२ जुलै रोजी कार्व्हिनच्या परिसरात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेटून कोसळले. त्याने वयाची वीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही मारला गेला. त्याच उन्हाळ्यात मुंबईचा वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर यालाही फ्रान्समध्ये वीरमरण आले होते.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. फ्रान्समधील एस्तेव्हेल येथे तो चिरनिद्रा घेत आहे.

येथे एक प्रश्न मनाला टोचल्याशिवाय राहत नाही. ज्या साम्राज्यासाठी तो लढला, त्याच साम्राज्याने पुढच्याच वर्षी जालियनवाला बागेत निरपराध माणसांवर गोळ्या झाडल्या. मग त्याचे बलिदान वाया गेले म्हणायचे काय? तसे वाटत नाही. भारतीय माणूस यंत्र हाताळू शकेल, आकाशात एकट्याने निर्णय घेऊ शकेल, याविषयी राज्यकर्त्यांना शंका होती. तिचे उत्तर या मुलाने कृतीने दिले. १९३२ साली भारतीय वायुदल स्थापन झाले, तेव्हा ते उत्तर आधीच लिहिलेले होते. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आपल्याच वयाच्या या तरुणाची ओळख मात्र आपण टपालाच्या तिकिटापुरती ठेवू नये, एवढेच सांगावेसे वाटते.