संत न्यूमन आणि मरियामातेचा प्रश्न

दि. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. 'मरियेची भक्ती बायबलमध्ये कुठे आहे?' असे आपले प्रॉटेस्टंट बंधू विचारतात, तेव्हा आम्हांला या संताची आठवण होते. अर्धे आयुष्य ते स्वतःच प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला होते.

त्यांचा जन्म १८०१ साली लंडनमध्ये झाला. पोप म्हणजे ख्रिस्तविरोधी, अशी तरुणपणी त्यांची ठाम समजूत होती. १८२८ साली ते ऑक्सफर्डमधील अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू झाले. गंमत म्हणजे ते चर्च कुमारी मरियेच्याच नावाचे होते. मरियेविषयी त्यांना आदर होता. पण कॅथोलिकांची भक्ती ख्रिस्ताच्या आड येते, असे त्यांना वाटे.

२ फेब्रुवारी १८४३ रोजी त्यांनी तिथे एक प्रवचन दिले. आधार होता लूक २:१९. मरिया सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन करीत असे. ख्रिस्तसभाही मिळालेल्या वचनाचे असेच मनन करते आणि तिची समज वाढत जाते, हा त्यांचा विचार. तसे पाहिले तर 'त्रैक्य' हा शब्द तरी बायबलमध्ये कुठे आहे?

८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री इटालियन धर्मगुरू डॉमिनिक बार्बेरी भर पावसात भिजत त्यांच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी न्यूमन कॅथोलिक झाले. त्याची किंमत मोठी होती. बहीण हॅरिएट दुरावली. १८४६ साली सोडलेले ऑक्सफर्ड त्यांना पुन्हा १८७८ मध्येच दिसले.

सप्टेंबर १८६५ मध्ये जुने मित्र कीबल यांच्या दारात ते उभे राहिले, तेव्हा दोघांनी एकमेकांना ओळखलेसुद्धा नाही. घरात तिसरे मित्र पुसीही होते. त्याच सुमारास पुसींचे पुस्तक निघाले होते. ऐक्याची इच्छा धरूनच त्यांनी त्यात मरियाभक्तीविषयीची कॅथोलिक लेखकांची टोकाची विधाने गोळा केली होती.

न्यूमन यांचे उत्तर १८६६ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन आणि संत इरेनियस, तसेच त्यांच्यामागून आलेले टर्टुलियन, हे तिघे पॅलेस्टाईन, गॉल आणि आफ्रिका अशा दूरदूरच्या प्रदेशांतले. तरी तिघेही मरियेला नवी हव्वा मानतात. हव्वेने आज्ञा मोडली, मरियेने देवदूताला होकार दिला. तेव्हा ही शिकवण मध्ययुगात कुणी रचलेली नव्हे, असे न्यूमन यांनी दाखवले.

पण खरा धीटपणा पुढे आहे. श्रद्धा सर्वांची एक, भक्तीच्या रीती मात्र देशोदेशी वेगळ्या, असा फरक त्यांनी केला. (आपल्या मराठीत देवाचीही भक्ती आणि मरियेचीही भक्तीच, म्हणून आपल्याला तर जास्तच जपून बोलावे लागते. आराधना फक्त देवाची.) मरियेची दया अमर्याद आहे, पुत्रापेक्षा तिच्याकडे जाणे अधिक सुरक्षित आहे, अशी विधाने शब्दशः घेतली तर आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ती विधाने स्वकीयांची होती, आणि त्यामुळे काही कॅथोलिक नाराजही झाले. १८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले.

पुसी कॅथोलिक झाले नाहीत. १८८२ साली ते अँग्लिकन म्हणूनच वारले. दोघांची मैत्री मात्र तोवर टिकून होती.