बॉड रेटमागचा माणूस

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये '९६०० बॉड' आपण सगळ्यांनीच कधी ना कधी सेट केलंय. व्हायवाला कुणी विचारलं, की सेकंदाला किती सिग्नल बदलतात ती संख्या, अशी व्याख्याही आपण घडाघडा म्हणतो. पण बॉड हे एका माणसाच्या आडनावावरून आलंय, हे मला फायनल इयरच्या प्रोजेक्टने अद्दल घडवेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या माणसाचं नाव एमिल बोदो. जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, फ्रान्सच्या ओत-मार्न भागातल्या एका खेड्यात. घरी शेती आणि शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं. काही वर्षं वडिलांबरोबर शेतात राबून १८६९ साली ते फ्रेंच तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. मोर्सचं यंत्र आणि ह्यूजचं अक्षरं छापणारं यंत्र, दोन्ही ते तिथेच शिकले. ना डिग्री, ना कॅम्पस इंटरव्ह्यू!

काम करताना दोन गोष्टी त्यांना खटकत होत्या. मोर्समध्ये कुठलं अक्षर लहान, कुठलं लांब. त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं हे यंत्राला कळणं अवघड. शिवाय ऑपरेटरचा हात थांबला की शेकडो मैलांची महागडी तार नुसती पडून. बोदोंनी प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचं करायचं ठरवलं. १८७४ साली त्यांनी आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे त्यांचा संकेत पाच खुणांचा ठरला. पाच बटणांचा कीबोर्ड, त्यातली दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. दोन्ही टोकांना एकाच तालात फिरणारी यंत्रणा एकच तार चार-चार ऑपरेटरना आळीपाळीने जोडून द्यायची. आपली पाळी आली की टक असा आवाज यायचा, त्या ठेक्यात बटणं दाबायची. आज आपण ज्याला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतो ते हेच.

आता गंमत बघा. पाच खुणांच्या जोड्या होतात ३२. अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं त्यात मावणार कशी? बोदोंनी दोन खास खुणा ठेवल्या. एक आली की पुढचं सगळं अक्षरं म्हणून वाचायचं, दुसरी आली की आकडे म्हणून. म्हणजे खूण तीच, पण अर्थ आधी काय ठरलंय त्यावर अवलंबून. ती एक खूण वाटेत बिघडली, तर पुढचा मजकूर सगळा भलताच छापला जायचा.

आमचं नेमकं हेच झालं. प्रोजेक्टमध्ये मोटरचं तापमान एका सर्व्हिसकडून दुसरीकडे आरपीसीने जायचं, प्रोटोकॉल बफरमध्ये बांधून. शून्याखालचे आकडे कमी बाइट्समध्ये जावेत म्हणून पार्टनरने त्या फील्डचा प्रकार बदलला, माझ्याकडे मात्र स्कीमाची जुनीच फाइल. त्याने ७५ पाठवले, माझ्या स्क्रीनवर १५०! एरर नाही, वॉर्निंग नाही. आम्ही येडे मोटर उघडून बसलो, सेन्सरसुद्धा बदलला. तारेवरून आलेले बाइट्स होते ०८ ९६ ०१. जुन्या प्रकाराने वाचले तर १५०, नव्याने वाचले तर ७५. बाइट्स बरोबरच होते, आमच्यातला करार तुटला होता.

शेवटी माझ्या प्रोग्राममध्ये स्कीमा पक्की बसवून ठेवणं मी सोडलं. आता तो सुरू होताना सर्व्हरलाच विचारतो, तुझ्या निरोपांची रचना काय? ते वर्णन घेऊन आलेला निरोप तिथल्या तिथे उलगडतो. हे शिकताना मागे मागे वाचत गेलो, तेव्हा बोदो भेटले.

त्यांच्या यंत्राची पॅरिस-बोर्दो तारेवर नोव्हेंबर १८७७ मध्ये चाचणी झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पण खात्याकडून संशोधनाला पैसा पुरेसा येईना. पदरचं घालून काम चालवताना एक दिवस त्यांना ते पदकच विकावं लागलं. हे वाचून मी जरा वेळ गप्पच झालो. १८९० साली त्यांनी लग्न केलं, तीनच महिन्यांत पत्नी वारली. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते स्वतः गेले. तार मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव मिळालं ते १९२६ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात.

पदक कुणाकडे गेलं कोण जाणे, नाव मात्र आपल्या प्रत्येक लॅब जर्नलमध्ये आहे. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी ९६०० टाइप कराल, तेव्हा पलीकडच्यानेही तेच ठरवलंय ना, एवढं आधी विचारून घ्या. मोटर मग उघडा!