त्रैराशिकाचे आचार्य

तीन राशी दिल्या असता चौथी काढणे हा विषय आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा रुक्ष वाटतो. आणि पालकांपैकी काहींस तो छडीसह आठवत असेल. परंतु ज्यांनी तो रसाळ केला ते भास्कराचार्य आपल्याच प्रांतातले होत.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४ मधील. सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडविड हे त्यांचे नगर. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील अंकगणिताचा भाग तो लीलावती. लीलावती ही त्यांची कन्या व तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या सन १५८७ च्या फारसी भाषान्तरातून पसरली. आम्ही तिला फारसे महत्त्व देत नाही; ग्रंथाचे खरे वैभव त्यातील उदाहरणांत आहे.

अडीच पळे केशर ३/७ निष्कास मिळते, तर ९ निष्कांस किती? उत्तर साडेबावन्न पळे. येथे पैसा वाढला की केशर वाढते. परंतु तेवढ्यावर विसंबणाऱ्या शिष्यास आचार्य लगेच दुसरा प्रश्न घालतात. धान्याची रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा १०० मापे भरली. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? माप लहान झाले म्हणून मापांची संख्या वाढली पाहिजे, उत्तर १४०. जो विचार न करता गुणाकारास धावेल त्याचे उत्तर ७१ च्या आसपास येईल, आणि रास तर तीच आहे! प्रमाण सम की व्यस्त, हे आधी ओळखावे आणि मग अंक मांडावेत, अशी त्यांची शिस्त होती. विश्व जसे हरीने व्यापले आहे तसे बहुतेक सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, अशी त्यांची धारणा होती.

याच व्यस्त प्रमाणाच्या प्रकरणात सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असाही प्रश्न आहे. उत्तर २५ निष्क व ३/५ असे बिनचूक येते. माणसे विकली जाण्याचा तो काळ होता. हे उदाहरण आम्ही वर्गात घालणार नाही. पण ते ग्रंथात आहे हे लपविणेही आम्हांस योग्य वाटत नाही.

वयाच्या ६९ व्या वर्षी, सन ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. सन १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी प्रकाशात आणला. लेख संस्कृत आहे. परंतु शेवटी, मठास कोणी काय द्यावे हे सांगताना, तो मराठीत उतरतो. गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी, दर घाण्यामागे एक पळी, याप्रमाणे मठास तेल द्यावयाचे होते.